वायुदलांतील यंत्रविद्या आणि नागरी जीवन

सैन्यांतून निवृत्त होणारा माणूस म्हटला कीं, खांद्यावरची बंदूक उतरवून ठेवून गांवाकडे निघालेला शिपाई लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु आजच्या सेनादलांत असा एक मोठा वर्ग आहे कीं, ज्याच्या हातीं बंदूक क्वचितच येते. त्याच्या हातांत असतो मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू-ड्रायव्हर. लढाऊ विमान धांवपट्टीकडे निघण्यापूर्वीं त्यांतील रडारयंत्र, बिनतारी यंत्र, उंची व दिशा दाखविणारीं यंत्रें आणि या साऱ्यांना जोडणारें तारांचें जाळें ठीक आहे कीं नाहीं, हें पाहणें त्याचें काम. वैमानिकाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. या कारागिराचें येत नाहीं. तथापि ढगांत शिरलेल्या वैमानिकाचा जीव ज्या कांट्यावर अवलंबून असतो, तो कांटा खरें बोलतो याची हमी यानेंच दिलेली असते.

हा कारागीर निवृत्त होतो तो मात्र म्हातारपणीं नव्हे. भारतीय वायुदलांत नेहमीच्या भरतीनें आलेल्या वायुसैनिकाचा पहिला करार वीस वर्षांचा असतो. विशीच्या आंतबाहेर भरती झालेला तरुण चाळिशीच्या आंतबाहेर मोकळा होतो. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निवीर योजनेंत तर मुदत चारच वर्षांची असून तुकडीपैकीं पंचवीस टक्क्यांपर्यंतच लोक पुढें कायम होतात. बाकीच्यांना हाच प्रश्न पंचविशीच्या सुमारास पडतो. चाळिशी म्हणजे संसाराचा ऐन मध्यान्ह. मुलें माध्यमिक शाळेंत, आईबाप थकलेले, घराचें कर्ज अर्धेंमुर्धें फिटलेलें. निवृत्तिवेतनावर घरची चूल पेटेल. पण अजून वीस वर्षें काम करण्याची ताकद ज्या हातांत आहे, त्या हातांनीं करावयाचें काय? आणि राष्ट्रानें पैसा व वेळ खर्चून त्या हातांत घातलेली विद्या जावयाची कोठें? पुष्कळदां ती जाते एखाद्या इमारतीच्या फाटकाशीं, पहारेकऱ्याच्या खुर्चीवर. पहारा हें काम हलकें नाहीं. परंतु रडार दुरुस्त करणाऱ्या माणसावर दुसरी वाट न सांपडल्यामुळें तें करण्याची पाळी यावी, यांत त्याचें आणि समाजाचें दोघांचेंही नुकसान आहे.

लढाऊ विमानांची यंत्रविद्या नागरी जीवनांत कामास येते काय, या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या महायुद्धानें एकदां फार मोठ्या प्रमाणावर देऊन ठेविलेलें आहे. तें आधीं पाहणें बरें; कारण शंका मनांत ठेवून पुढचा मार्ग चालतां येत नाहीं.

१९४० च्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनीं पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन नांवाची नळी चालवून दाखविली. सुमारें दहा सेंटीमीटर लांबीच्या बिनतारी लहरी तिच्यांतून पूर्वीं कधीं न मिळालेल्या जोरानें निघूं लागल्या. लहर आंखूड झाली म्हणजे तिचा झोत वळविण्यास लहानशी थाळी पुरते. म्हणून शक्तिमान रडारयंत्र विमानाच्या पोटांत बसविणें शक्य झालें. त्यांतूनच ढगांआडची जमीन पडद्यावर दाखविणारें ‘एच-टू-एस’ हें यंत्र इंग्लंडांत तयार झालें व १९४३ च्या जानेवारीअखेर तें प्रथम हॅम्बर्गवरील हल्ल्यांत वापरलें गेलें. या यंत्राच्या चांचणींतच १९४२ च्या जूनमध्यें विमान कोसळून ॲलन ब्लुमलाइन हे थोर अभियंते आपल्या सहकाऱ्यांसह मृत्यु पावले. ही विद्या स्वस्तांत मिळालेली नव्हे, आणि तिनें प्रथम विध्वंसच केला, हें विसरून चालणार नाहीं.

युद्ध संपलें तेव्हां या यंत्रामागचे प्रमुख शास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल मँचेस्टर विद्यापीठांत परतले. लष्करानें टाकून दिलेलें एक रडारयंत्र त्यांनीं मिळविलें. शहरांतील ट्रामगाड्यांच्या विजेच्या ठिणग्यांमुळें यंत्राच्या पडद्यावर गोंधळ माजूं लागला, म्हणून १९४५ च्या डिसेंबरांत तें यंत्र त्यांनीं विद्यापीठाच्या मालकीच्या जॉड्रेल बँक येथील मोकळ्या जागेंत नेलें. अवकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांचा माग काढावा हा त्यांचा हेतु; पडद्यावर सांपडले ते उल्कांचे प्रतिध्वनि. त्याच जागीं १९५७ सालीं ७६ मीटर व्यासाची फिरती थाळी उभी राहिली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला तेव्हां त्याला घेऊन गेलेल्या अग्निबाणाचा माग रडारनें काढण्याचें काम तिनें केलें. जी विद्या शहरें शोधण्यासाठीं शिकली गेली, ती आकाश वाचण्याच्या कामीं आली.

मँचेस्टरांतच दुसरा चमत्कार घडला. युद्धकाळांत रडारच्या प्रयोगशाळेंत काम केलेले फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांचा रडारच्या पडद्याशीं, म्हणजे कॅथोड-किरण नळीशीं, रोजचा परिचय होता. त्या नळीच्या तोंडावर उमटलेला विजेचा ठिपका पुन्हां पुन्हां ताजा करीत राहिल्यास तो टिकवून धरतां येतो, हें त्यांनीं दाखविलें. जो ठिपका टिकतो तो आंकडा लक्षांत ठेवूं शकतो. या स्मृतीच्या बळावर २१ जून १९४८ रोजीं त्यांच्या लहानशा गणकयंत्रानें स्वतःच्या पोटांत सांठविलेल्या सूचनांप्रमाणें पहिलें गणित केलें. आज जें गणकयंत्र प्रत्येक कचेरींत दिसतें, त्याच्या वंशावळींत रडारचा पडदा असा बसलेला आहे.

तिसरें उदाहरण घरोघरच्या स्त्रियांच्या परिचयाचें आहे. विमानांतून सुटलेली बिनतारी लहर प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर, धांवते. तीस किलोमीटरवरील विमानावर आदळून परत येण्यास तिला सेकंदाचा पांच हजारावा भाग लागतो. मानवी शरीरांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५४० मीटर जातो; शरीरांत पंधरा सेंटीमीटर खोल असलेल्या भागावरून प्रतिध्वनि परत येण्यासही जवळजवळ तेवढाच वेळ, सेकंदाचा पांच हजारावा भागच लागतो! अंतर कोठें तीस किलोमीटर आणि कोठें वीतभर. परंतु काळ मोजणाऱ्या विद्युन्मंडलाला दोहोंत फारसा फरक दिसत नाहीं. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड हे युद्धकाळांत ब्रिटिश वायुदलांत वैद्यकीय अधिकारी होते व तेथें रडारशीं त्यांची ओळख झाली होती. पुढें १९५५ मध्यें बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यांत धातूंतील भेगा शोधण्यासाठीं वापरावयाचें ध्वनियंत्र त्यांनीं पाहिलें, आणि टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याच्या साहाय्यानें तें रोग्याच्या शय्येपाशीं आणलें. १९५८ च्या जूनमध्यें त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. गर्भाशयांतील बाळ पडद्यावर पाहून जी माउली आज डोळे पुसते, तिला कोठून ठाऊक असणार कीं, या पडद्याचें एक मूळ लढाऊ विमानाच्या विद्येंत आहे!

चौथें उदाहरण तर महाराष्ट्राच्या अंगणांत येऊन पोंचलेलें आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १९३९ मध्यें रडारसाठीं एक प्रयोगशाळा काढण्यांत आली. युद्ध संपतांच, १९४५ च्या ऑक्टोबरांत, तेथील जोसेफ पॉसी आणि त्यांचे सहकारी यांनीं समुद्रकांठच्या कोलरॉय येथील वायुदलाचें रडार उगवत्या सूर्याचें ऐकण्यासाठीं वापरलें. त्यांच्या मंडळांत युद्धकाळापासून रडारवर काम केलेल्या रूबी पेन-स्कॉट या विदुषी होत्या. १९५३ मध्यें गोविंद स्वरूप हे भारतीय तरुण याच प्रयोगशाळेंत शिकावयास गेले. त्यांच्या खटपटीनें सिडनीजवळच्या बत्तीस लहान थाळ्या भारताला भेट मिळाल्या, आणि १९६५ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें त्या मुंबईजवळ कल्याण येथें उभ्या केल्या. त्याच परंपरेंतून पुढें पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महादुर्बीण झाली. द्राक्षांच्या मळ्यांवरून दिसणाऱ्या त्या थाळ्यांकडे पाहतांना त्यांच्या पणजोबांनीं शत्रूचीं विमानें शोधलीं होतीं, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

परंतु याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विवाहित स्त्रीला कायम सरकारी नोकरी मिळूं नये असा त्या काळीं ऑस्ट्रेलियांत नियम असल्यामुळें रूबी पेन-स्कॉट यांची कायम जागा गेली, आणि १९५१ मध्यें त्यांनीं संशोधन सोडलें. पुढें त्या शाळेंत गणित व शास्त्र शिकवीत असत. विद्या नाकारण्यासारखी नव्हती. दार बंद होतें. यावरून एक सिद्धान्त निघतो. लष्करी विद्येचें नागरी विद्येंत रूपांतर होऊं शकतें, यांत संशय नाहीं. परंतु तें आपोआप होत नाहीं. मध्यें पूल असावा लागतो.

वरील सारीं माणसें विद्वान् होतीं. सामान्य कारागिराचें काय, असें कोणी विचारील. त्याचेंही उत्तर इतिहासांत आहे. अमेरिकेनें युद्ध चालू असतांनाच, २२ जून १९४४ रोजीं, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला. १९५६ पर्यंत सुमारें ७८ लक्ष माजी सैनिकांनीं त्याचा लाभ घेतला. त्यांतील सुमारें बावीस लक्षच महाविद्यालयांत गेले. बाकीच्यांनीं इतर शाळांतून, धंदेशिक्षणाच्या वर्गांतून, शेतांवर व कारखान्यांत उमेदवारी करून विद्या घेतली. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, हे लोक अडाणी होते म्हणून त्यांना शिकविलें नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं जगांतील अत्यंत गुंतागुंतीचीं यंत्रें हाताळलेलीं होतीं. त्यांच्यापाशीं नव्हता तो नागरी जगाला समजेल असा दाखला.

आतां आपल्या वायुसैनिकाकडे वळूं. बेळगांवजवळच्या सांबरे येथें तो कवाईत शिकतो, बंगळूरच्या जलाहळ्ळीसारख्या ठिकाणीं यंत्रविद्या शिकतो, आणि मग पुणें, जोधपूर, आदमपूर, तेजपूर अशा तळांवर वर्षांमागून वर्षें ती राबवितो. या वर्षांत त्याला खरोखर काय येऊं लागतें? एखाद्या विशिष्ट यंत्राच्या पेटींतील अमुक भाग बदलणें ही त्याची विद्या नव्हे. ती पेटी उद्यां मोडींत जाईल. त्याची विद्या म्हणजे दोष शोधण्याची शिस्त. वैमानिक तक्रार लिहितो कीं, उड्डाणांत रडार मधूनमधून अंध होतें. पेटी काढून टेबलावर तपासली तर ती शंभर नंबरी ठीक! नवशिका पेटी बदलून मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवशीं तीच तक्रार परत येते. अनुभवी कारागीर विचार करतो कीं, टेबलावर जें नाहीं आणि आकाशांत जें आहे, तें काय? कंप आहे, थंडी आहे, ओलावा आहे. मग तो पेटी सोडून जोडणीकडे जातो. एकेक पिन पाहतो, तार हलवून पाहतो, विमानाच्या धातूशीं जोडलेली भूमि-तार घट्ट आहे कीं नाहीं हें मोजतो. काम संपल्यावर झांकण लावण्यापूर्वीं आपलीं हत्यारें मोजतो, कारण आंत विसरलेला एक पाना विमान पाडूं शकतो. आणि जें केलें तें त्याच दिवशीं कागदावर लिहून खालीं सही करतो. अनुमान, मापन, स्वच्छता आणि नोंद हीं चार अंगें ज्याला वळण पडून गेलीं आहेत, त्याला रुग्णालयांतील यंत्र, रेल्वेचा सिग्नल किंवा कारखान्यांतील नियंत्रक यांपैकीं कांहींही परकें नाहीं.

यंत्रांतही वाटतें तेवढें अंतर नसतें. नागरी विमानांतही लष्करी विमानांप्रमाणेंच ११५ व्होल्टची, सेकंदाला चारशें आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज आणि २८ व्होल्टची सरळ वीज सर्रास वापरतात. महायुद्धांत आपलें विमान कोणतें व परकें कोणतें हें ओळखण्यासाठीं जी खुणेची पद्धति निघाली, तीच आज प्रत्येक प्रवासी विमानांत आहे. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो आणि विमान १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतें. फरक आहे तो रीतींत. लढाऊ विमानांत निरनिराळीं यंत्रें ‘१५५३’ या लष्करी पद्धतीच्या तारेवर बोलतात; तेथें एक नियंत्रक सर्वांना पाळीपाळीनें बोलावयास लावतो. अनेक प्रवासी विमानांत ‘एरिंक ४२९’ ही पद्धति आहे. तींत एका तारेवर एकच यंत्र बोलतें आणि वीसपर्यंत यंत्रें नुसतीं ऐकतात. ज्याला पहिली समजली आहे त्याला दुसरी समजण्यास महिने लागत नाहींत. पण ती शिकावी लागते, आणि शिकल्याचें सिद्ध करावें लागतें.

येथेंच तीन अडथळे उभे राहतात. पहिला अडथळा भाषेचा. सैन्यांत यंत्राला सांकेतिक नांव असतें, कामाला सांकेतिक नांव असतें, आणि माणसालाही हुद्द्याचें नांव असतें. कारखान्याचा व्यवस्थापक अर्जांत तीं वाचतो आणि त्याला कांहींच बोध होत नाहीं. शिवाय लष्करी यंत्राचा तपशील बाहेर सांगण्याची कायद्यानें बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून यंत्राचें नांव न सांगतां कामाचें स्वरूप सांगण्याची कला साधली पाहिजे. ‘अमुक विमानाच्या अमुक रडारवर काम केलें’ याऐवजीं ‘स्पंदन-रडारच्या प्रेषक व ग्राहक भागांतील दोष सुट्या भागापर्यंत शोधून दुरुस्त करण्याचा इतक्या वर्षांचा अनुभव, हाताखालीं इतके कारागीर, इतक्या किंमतीच्या चांचणीयंत्रांची जबाबदारी’ असें लिहिलें म्हणजे गुपितही राहतें आणि गुणही कळतो.

दुसरा अडथळा कागदाचा, आणि तो सर्वांत मोठा. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार ‘क’ वर्गाच्या जागांपैकीं दहा टक्के जागा माजी सैनिकांसाठीं राखीव आहेत. आणि पंधरा वर्षें सेवा केलेल्या मॅट्रिक सैनिकाला या राखीव जागांपैकीं पदवीची अट असलेल्या कांहीं जागांवरही घेतां येतें. सवलत चांगली आहे. पण तिच्यांत एक मेख आहे. ज्या कामाला तांत्रिक अनुभव आवश्यक ठरविलेला असतो, तेथें ही सवलत लागू पडत नाहीं. परिणाम असा होतो कीं, ज्याचे हात यंत्रांत मुरले त्याला कारकुनाच्या मेजाकडे जाणारी वाट मोकळी मिळते, आणि यंत्राकडे जाणारी वाट अडलेली दिसते. निवृत्तीनंतर पुष्कळ कारागीर खर्डेघाशींत शिरतात याचें हें एक कारण होय. यंत्राकडेच जावयाचें असेल तर तांत्रिक दाखला स्वतः मिळविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

विमानाच्या धंद्यांत हा दाखला म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा विमान देखभाल अभियंत्याचा परवाना. त्यांत ‘बी-टू’ हा विभाग विमानांतील इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. त्याची परीक्षा एकदम होत नाहीं. विषयवार प्रकरणें असतात. विजेचीं मूलतत्त्वें, इलेक्ट्रॉनिक्स, अंकीय पद्धति, विमानविषयक कायदा, आणि माणसाच्या चुका कां होतात याचा अभ्यास, असे हे निरनिराळे विषय असून प्रत्येकांत उत्तीर्ण होण्यास शेंकडा पंचाहत्तर गुण लागतात. लष्करांतील अनुभव मोजला जातो. परंतु नागरी विमानाच्या देखभालीचा अनुभव त्याशिवाय वेगळा मिळवावा लागतो. चाळिशींत पुन्हां विद्यार्थी होणें कित्येकांना जड जातें. हाताला जें वीस वर्षें येत आहे तें बोटांऐवजीं शब्दांनीं सिद्ध करावयाचें, आणि तेंही विशींतल्या मुलांच्या बांकावर बसून! परंतु जो हा अभिमान गिळतो त्याची अर्धी परीक्षा तेथेंच उत्तीर्ण होते.

तिसरा अडथळा स्वभावाचा. सैन्यांत काम पुरें होणें हाच हिशेब. यंत्राची किंमत कारागिराला विचारली जात नाहीं. नागरी जगांत दर तासाला पैसा मोजला जातो. विमान जमिनीवर उभें राहिलें कीं कंपनीचें नुकसान सुरू होतें, आणि तें नुकसान हळूच येऊन सही करणाऱ्याच्या खांद्यावर बसतें. सैन्यांत मागें सारी तुकडी असते. येथें परवान्यावर नांव एकट्याचें. अशा वेळीं ‘एवढें चालून जाईल’ असें कोणी म्हणालें तर नाहीं म्हणण्याचें धैर्य लागतें. वायुदलाच्या शिस्तीचा खरा मोबदला नागरी प्रवाशांना या एका ‘नाहीं’मध्यें मिळतो. याच्या उलट, हुद्द्याचा ताठा मात्र फाटकाबाहेर ठेवावा लागतो. पंचविशीचा पदवीधर वरिष्ठ म्हणून येईल. त्याला पुस्तकांतलें पुष्कळ येत असेल आणि हातांतलें थोडें. त्याच्याशीं स्पर्धा न करतां जो देवघेव करतो तो टिकतो.

वाट एकच आहे असेंही नाहीं. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. प्रवासी विमानांच्या देखभालीचीं केंद्रें आहेत. परंतु सर्वांनीं विमानालाच धरून बसावें याचें कारण नाहीं. सोनोग्राफीच्या यंत्राला प्रतिध्वनि समजणारा माणूस हवा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांतून असें एखादें यंत्र दुरुस्तीसाठीं शहरांतील माणसाची वाट पाहत झांकून ठेविलेलें असतें, तेव्हां रोगी परत जातो. रेल्वेच्या सिग्नलांना, वीजकेंद्रांच्या रक्षकयंत्रांना, मोबाइलच्या मनोऱ्यांना, मापनयंत्रें तपासणाऱ्या प्रयोगशाळांना, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना अशाच हातांची गरज असते. गांवाकडे राहूं इच्छिणाऱ्याला सौरपंपाचा नियंत्रक दुरुस्त करतां येईल. प्रत्येक वाटेला तिचा तिचा दाखला लागतो. तो कोणता हें आधीं विचारावें, मग पाऊल टाकावें.

हें सारें निवृत्तीच्या दिवशीं हार गळ्यांत पडल्यावर सुरू करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. जाणत्यानें निदान पांच वर्षें आधीं तयारीस लागावें. पहिल्या वर्षीं ध्येय ठरवावें. आपण केलेल्या कामाची, नियमांत बसेल अशी, साध्या भाषेंत नोंद ठेवावी आणि जेथें शक्य असेल तेथें अधिकाऱ्याची सही घ्यावी. बदली झालेल्या अधिकाऱ्याला मागाहून शोधीत फिरण्याची वेळ येऊं नये. परीक्षेचीं प्रकरणें एकेक करून सोडवावीं. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे निवृत्तीच्या सुमारास अभ्यासक्रम चालतात. त्यांतील जो दोन महिन्यांत सुखानें उरकतो तो न घेतां जो दाखला देतो तो घ्यावा. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांत नांव नोंदवावें. आणि निवृत्तीच्या वेळीं हातीं येणारी रक्कम, उत्साही नातेवाइकानें सुचविलेल्या धंद्यांत घालण्यापूर्वीं, निदान एक वर्ष बँकेंत राहूं द्यावी.

घरच्यांचाही यांत वांटा आहे. वीस वर्षें ज्याला वर्षांतून दोन महिने पाहिलें तो माणूस आतां रोज घरीं असतो. तो सकाळीं पुस्तक घेऊन बसला तर ‘या वयांत कसला अभ्यास’ असें त्याला कोणी म्हणूं नये. बदल्यांमागून बदल्यांत जिनें मुलांच्या तीन-तीन शाळा बदलल्या त्या गृहिणीला आणखी दोन वर्षें कळ काढावी लागेल. ती काढतांना आपण नुसती वाट पाहत नसून नवऱ्याचें दुसरें आयुष्य उभारीत आहोंत, हें तिला कळलें पाहिजे, आणि त्यालाही.

समाजाचें कर्तव्य याहून मोठें आहे. सीमेवर तोफा वाजूं लागल्या म्हणजे सैनिकाच्या नांवानें गहिंवरणें सोपें असतें. त्याच्या अर्जावर नजर टाकून त्याला एक बिघडलेलें यंत्र आणि एक मल्टिमीटर देणें, आणि तो काय करतो हें तासभर पाहणें, हें कठीण नाहीं. तरी तें क्वचितच होतें. पदवीची चौकट रिकामी दिसली कीं अर्ज बाजूला पडतो. कारखानदारांनीं, रुग्णालयांच्या विश्वस्तांनीं आणि संस्थाचालकांनीं एवढें जरी मनावर घेतलें कीं, कागद पाहण्यापूर्वीं एकदां हात पाहावे, तरी कित्येक खुर्च्या फाटकावरून हलून कार्यशाळेंत येतील.

लोखंड तलवारीचें असो वा नांगराचें, भट्टी एकच असते. मात्र तलवारीचा नांगर करावयाचा तर ती पुन्हां एकदां तापवावी लागते, पुन्हां घणाखालीं घालावी लागते. लव्हेल, डोनाल्ड आणि विल्यम्स यांना ती भट्टी विद्यापीठांत मिळाली. अमेरिकेच्या लाखों सैनिकांना ती कायद्यानें मिळाली. आपल्या वायुसैनिकानें ती नोकरीच्या शेवटच्या वर्षांत स्वतः पेटवावी, आणि फुंकणी घरच्यांनीं व समाजानें धरावी. ज्यानें वीस वर्षें अंधाऱ्या आकाशांत दुसऱ्याला वाट दाखविणारीं यंत्रें सांभाळलीं, त्यानें भर दिवसा स्वतःच्याच गांवीं वाट चुकावी, हें त्यालाही शोभत नाहीं आणि देशालाही परवडत नाहीं.